शेवंतीचा हार

शैलजा पटवर्धनची कधी चूक होत नाही, असं अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधले सगळे मराठी लोक म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्याला ठाऊक. बाईचं कामच दुसऱ्यांच्या चुका काढायचं. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये घालवलेली. साधी किराण्याची यादीसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही.

अशी ही बाई दर मंगळवारी दुपारी रजा टाकून लायब्ररीत जायला लागली. स्पेनची संस्कृती आणि परंपरा, सहा आठवड्यांचा वर्ग. नवरा रवींद्र एका शब्दाने विचारत नव्हता, कारण त्याला कारण माहीत होतं. त्यांची एकुलती एक लेक इशिता स्पेनमध्ये, सारागोसाला राहत होती. चार वर्षांपूर्वी तिने तिथल्याच आल्बारोशी लग्न करायचं ठरवलं आणि आईला फोन केला. शैलजाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घराण्याचं नाव बुडवलंस. आजपासून तू आम्हाला मेलीस."

रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलून जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून मोकळं होतं. शैलजाला तेवढंही जमलं नाही. ‘चुकले’ हा शब्द तिच्या जिभेला कधी वळलाच नव्हता.

मग सप्टेंबरात केया घरी आली. केया म्हणजे इशिताची शाळेपासूनची मैत्रीण. दारातच म्हणाली, "काकू, इशिता प्रेग्नंट आहे. नोव्हेंबरच्या एंडला ड्यू डेट. फोन नका करू, ती उचलणार नाही. पण तुम्ही फर्स्ट काहीतरी पाठवा. ती वाट बघतेय, आय नो." आणि तिने पत्ता दिला.

काहीतरी म्हणजे काय? शैलजाला अर्धवट काही करायची सवय नव्हती. लेकीच्या सासरची रीत नीट शिकायची आणि मग पाठवायचं, असं तिने ठरवलं आणि वर्गात नाव घातलं. शिकवायला मेर्सेदेस नावाच्या माद्रिदच्या बाई होत्या. शैलजाने वही केली. नवं वर्ष लागताना बारा टोल आणि बारा द्राक्षं. जानेवारीत तीन राजे येतात, त्यांच्यासाठी पोरं आपले बूट मांडून ठेवतात. आणि तिकडे लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाही, मुलाला बापाचं आणि आईचं, दोन्ही आडनावं लागतात. हे ऐकल्यावर मात्र तिची पेन्सिल थांबली. म्हणजे त्या बाळाच्या नावात पटवर्धन असणार होतं. ज्या नावासाठी लेक तोडली, ते बुडालंच नव्हतं. घरी येताना गाडीत ती एकटीच रडली.

मधला एक मंगळवार तेवढा बुडाला. धनत्रयोदशी होती, चकल्यांचा घाणा अर्ध्यावर टाकून कोण जाणार? त्याच संध्याकाळी तिने सारागोसाच्या एका फुलवाल्याची वेबसाइट उघडली. सगळं पान शेवंतीने भरलेलं! ऐन दिवाळीत, परक्या देशात, देवाला वाहायची पिवळीधमक शेवंती. देवानेच वाट दाखवली असं तिला वाटलं. भाषांतराचं बटण समोर होतं, पण तिने ते दाबलं नाही. शब्दकोश घेऊन आपलं आपण वाचायचं! तिने मोठा गोल हार निवडला. त्यावर रेशमी पट्टी येत होती, तिच्यावर नाव छापून मिळत होतं. तिने ‘इशिता’ छापायला सांगितलं. खाली तयार वाक्यांतलं एक निवडलं, ‘तुझी माणसं तुला विसरणार नाहीत.’ ते शब्दकोशाशिवाय समजलं याचा तिला कोण आनंद झाला. तीनदा तपासून, शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला पोचेल असं करून तिने ऑर्डर दिली.

शुक्रवार गेला, पाडवा गेला, भाऊबीज गेली. तिकडून काही नाही. मंगळवारी वर्ग सुटल्यावर तिने मेर्सेदेसबाईंना मोबाइलमधला हाराचा फोटो दाखवला. जरा मिरवायचंच होतं तिला.

बाईंनी फोटो पाहिला आणि शैलजाच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मग बुडालेला तास बाईंनी उभ्या उभ्या सांगितला. एक नोव्हेंबरला स्पेनमध्ये लोक कबरस्तानात जातात. थडग्यांवर शेवंती वाहतात. शेवंती कुणाच्या घरी पाठवत नाहीत. गोल हार, नावाची पट्टी आणि ते वाक्य, हे सगळं मेलेल्या माणसासाठी असतं.

शैलजाने पार्किंगमधूनच केयाला फोन लावला. "केया, अगं मला माहीत नव्हतं गं. मी तो तास चुकवला होता. सांग ना तिला!"

"सांगितलं, काकू. आय स्वेअर, खूप ट्राय केलं." केया रडत होती. "दार तिच्या सासूने उघडलं. त्या ओरडल्याच. आणि इशिता म्हणाली, आईने चार वर्षांपूर्वी तोंडाने सांगितलं होतं, आता फुलं पाठवली. मी म्हटलं, इट वॉज अ मिस्टेक. तर ती म्हणाली, माझी आई? ती मिस्टेक करत नाही."

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली, एवढं केयाकडून कळलं. फोटो दाखवायचा नाही, असं इशिताने बजावलं होतं.

त्या रात्रीपासून आठवडाभर शैलजा एकच पत्र लिहीत होती. कारणं लिहिली, खोडली. दिवाळी, चकल्या, बुडालेला तास, सगळं खोडलं. शेवटी कागदावर एकच ओळ उरली. ‘इशू, तेव्हाही मी चुकले आणि आताही मीच चुकले.’ पन्नाशी उलटल्यावर हा शब्द तिने पहिल्यांदा लिहिला. आणि पहिल्यांदाच, पुन्हा न वाचता, पाकीट बंद करून पोस्टात टाकलं.

जानेवारीत, तिकडे पोरं बूट मांडून बसतात त्याच आठवड्यात, पाकीट परत आलं. रवींद्रने ते टपालपेटीतून काढून टेबलावर ठेवलं. वर स्पॅनिशमधला एका शब्दाचा शिक्का होता.

"काय लिहिलंय गं?" त्याने विचारलं.

शैलजाला शब्दकोश लागला नाही.

"घ्यायचं नाही म्हणाली," ती म्हणाली.

पाकीट तिने जसं चिकटवलं होतं तसंच होतं.