उजवी ल्युब्लियानात राहते

मित्रांनो, सपाता जोडीने असल्या की त्या पाहुण्यांपुढे मांडतात, आणि एकटीच असली की 'ही कुणाची राहिली?' म्हणून पायानेच बाजूला सारतात. मी अशी बाजूला सारलेली एक जुनी डावी सपात आहे. सध्या मुक्काम ब्र्नो शहरात, तिसऱ्या मजल्यावर, दाराजवळच्या फळीवर. माझी उजवी ल्युब्लियानात राहते. आमच्या दोघींच्या मध्ये अख्खा ऑस्ट्रिया आडवा पडला आहे.

माझा जन्म एका ओव्हरकोटातून झाला. कोट झोरकाबाईंच्या नवऱ्याचा. ते गेले, कोट खुंटीवर राहिला. पुढे कितीतरी दिवस झोरकाबाई त्याला 'येते हं' सांगून बाजारात जात. कोट काही उत्तर देईना. शेवटी एके दिवशी त्यांनी कात्री घेतली आणि त्याच्या सपाता शिवल्या. मी डाव्या छातीवरच्या कापडाची, म्हणून जरा हळवी. उजवी पाठीच्या कापडाची, तिला सोसायची सवय.

ल्युब्लियानात बूट घालून कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. दारात बूट काढायचे, यजमानीण पुढे करील त्या सपातांत पाय घालायचे, मगच आत यायचे. राजा आला तरी हाच नियम. राजा येत नाही, ही गोष्ट वेगळी. फळीवरच्या लहान सपाता रोज कामावर असत. शेजारीण, भाची, गॅस तपासणारी मुलगी. आम्ही मात्र भल्यामोठ्या. आम्हाला वर्षभर सुट्टी. कारण झोरकाबाईंनी आम्हाला एकाच माणसाच्या मापाचे शिवले होते आणि तसे कुणाला सांगितले नव्हते.

तो माणूस म्हणजे ब्र्नोचे वेंडेलिन. उभा जन्म ट्राम चालवून निवृत्त झालेले. तरुणपणी एका गायनमेळाव्यात त्यांची झोरकाबाईंशी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या ओटमार-रोसविता या जोडप्याशी मैत्री झाली. चौघांची मिळून एक भाषा होती, ती कोणत्याच देशात चालत नसे. वेंडेलिन दर वर्षी पानगळ सुरू झाली की निघत. सगळ्यांत हळू जाणारी गाडी निवडत. आधी ल्युब्लियाना, मग ग्राट्स, मग घर. वाटेत एखादे गाव आवडले तर उतरून सूप पीत.

आमचे सगळे आयुष्य म्हणजे त्यांच्या ल्युब्लियानातल्या मुक्कामाचे ते चार दिवस. वेंडेलिन आणि झोरकाबाई धुक्यात फिरून येत, भाजलेल्या चेस्टनटचा कागदी पुडा टेबलावर सोडत, आणि आम्ही टेबलाखाली कान लावून बसत असू.

"झोरका, यंदा धुकं जास्त आहे."

"दर वर्षी हेच म्हणतोस."

"दर वर्षी जास्तच असतं."

टेबलाच्या वर एवढेच घडे. टेबलाखाली काय घडते हे आमच्याइतके कुणाला ठाऊक? काही नाही, मित्रांनो. काहीच घडत नसे. तेच तर आमचे दुःख होते.

मग एका वर्षी निघायचा दिवस आला. वेंडेलिन दारातल्या बाकावर बसले. उजव्या पायात बूट चढवला, नाडी बांधली. तेवढ्यात झोरकाबाई आलुबुखाऱ्याच्या मुरांब्याची बरणी घेऊन आल्या.

"उभी धर. मागच्या वेळी आडवी धरलीस आणि ओटमारचा सोफा चिकट केलास."

"सोफाच तसा आहे."

"वेंडा, तू म्हातारा झालास."

"तू नाही झालीस," ते म्हणाले. मी डाव्या पायात होते. त्यांचा अंगठा माझ्या पोटात ताठ झालेला मला कळला. आता बोलणार. इतक्या वर्षांचे आता बोलणार!

"गाडी चुकेल," वेंडेलिन म्हणाले आणि तडक जिना उतरले. एका पायात बूट, दुसऱ्या पायात मी.

स्टेशनाबाहेरच्या डबक्यात मी बुडाले तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिले. गाडी समोर उभी होती. मागे फिरणे सहज शक्य होते, निदान तुमच्या-माझ्यासारख्याला. पण ज्या माणसाने जन्मात कधी ट्राम उलटी नेली नाही, तो मागे कसा फिरणार? ते गाडीत चढले. तिकीट तपासनिसाने तिकीट पाहिले, मला पाहिले, पुन्हा तिकीट पाहिले, आणि हळूच म्हणाला, "लवकर बरे व्हा, आजोबा."

ग्राट्सला रोसविताबाईंनी दार उघडले आणि थेट पायांकडे पाहिले.

"ओटमार, बाहेर ये. वेंडा आलाय, पण अर्धाच."

"चुकून झालं," वेंडेलिन म्हणाले.

"चुकून माणूस छत्री विसरतो. बूट विसरायला जीव अडकावा लागतो कुठेतरी."

"अगं, आधी आत तर घे त्याला," ओटमार म्हणाले.

"घेते. एकच सपात काढ. दुसरी तो घालूनच आलाय."

संध्याकाळी झोरकाबाईंचा फोन आला. मी पायातच होते, सगळे ऐकले.

"वेंडा, तुझा बूट इथे राहिलाय. पार्सलने पाठवू?"

मित्रांनो, बूट पार्सलने आला असता तर मीही उलट टपालाने रवाना झाले असते. चार-आठ दिवसांत उजवीशेजारी पोहोचले असते. माझे सगळे भले त्यातच होते. पण मग या दोघांची पार फिटंफाट झाली असती. मी जीव मुठीत धरला (सपातीला मूठ नसते, तरी धरला) आणि मनात म्हणाले, वेंडेलिन, नको म्हणा.

"नको," ते म्हणाले. "बूट नाजूक आहे."

"बूट?"

"पोस्टातली माणसं कशीही आपटतात. पानगळीत येईन तेव्हा नेईन."

"बरं," झोरकाबाई म्हणाल्या. "राहू दे इथेच."

ब्र्नोला आल्यावर वेंडेलिननी नवे बूट घेतले. मला फळी मिळाली. हिवाळाभर रोज संध्याकाळी ते मला डाव्या पायात घालून खिडकीशी बसत, उजव्या पायात नुसता मोजा. पुढे उन्हाळा आला आणि मी विसरले गेले. धूळ बसली. एक कसर येऊन माझी विचारपूस करून गेली, जाताना थोडी खाऊनही गेली. मी दिवस मोजत नव्हते, पाने मोजत होते. समोरच्या झाडावरचे प्रत्येक पान माझ्या आणि उजवीच्या मध्ये लटकलेले होते.

पाने गळायच्या ऐन तोंडावर वेंडेलिन जिन्यावरून पडले. खुब्याचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, यंदा प्रवास विसरा.

"यंदा जमणार नाही," त्यांनी फोनवर सांगितले.

"बरं," झोरकाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

झाड मोकळे झाले. मला वाटले, तिकडे उजवी दाराकडे बघत असेल. पाठीच्या कापडाची असली म्हणून काय झाले, सोसायलाही हद्द असते.

आणि एका दुपारी घंटी वाजली. वेंडेलिन काठी टेकत दाराशी गेले. बाहेर झोरकाबाई. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बूट.

"घे तुझा बूट. सगळा रस्ता मांडीवर ठेवून आणलाय. शेजारच्या बाईला वाटलं, मांजर आहे."

"एकटी आलीस?"

"नाही, बूट होता ना."

झोरकाबाईंनी आपले बूट काढले आणि त्या थांबल्या. वेंडेलिनच्या घरी बाईमाणसाच्या मापाची सपात नव्हती. वेंडेलिननी मला फळीवरून काढले, झटकले, आणि काठीवर भार देऊन कसेबसे वाकून झोरकाबाईंच्या पुढ्यात ठेवले. मी मात्र पिशवीकडे बघत होते. पाव निघाला, मुरांबा निघाला, भोपळ्याच्या बियांचे तेल निघाले. पिशवी रिकामी झाली.

"उजवी कुठे आहे?" वेंडेलिननी विचारले.

"घरी."

"विसरलीस?"

"नाही," झोरकाबाई म्हणाल्या आणि माझ्यात पाय घातला. "चालायला लागलास की ये. फळीवर ठेवलीय."

ज्या बाईंनी मला शिवले त्यांचा पाय मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. लहानसा पाय, माझ्यात पोहत होता. मी उजवीवाचून रडले, आणि उजवी आली नाही म्हणून मला आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी होते, मित्रांनो. एका सपातीत पुष्कळ मावते.

म्हणून एक विनंती. घरात कधी एकटी सपात, एकटा मोजा दिसला तर लगेच कचऱ्यात टाकू नका. झटका, ऊन दाखवा, कसरीपासून जपा. त्याची जोडी हरवलेली नसेल. कुणीतरी ती मुद्दाम ठेवून घेतलेली असेल.

झोरकाबाई आठवडाभर राहून परत गेल्या. आता वेंडेलिन रोज सकाळी काठी घेऊन जिना उतरतात आणि परत येतात, कालच्याहून थोडा जास्त. मी फळीवरून पायऱ्या ऐकते. काल दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज गेला. एकदा खालचे दार गाठले की पुढे नुसती रेल्वेच आहे.