मी काचेत जाणार नाही

मी धक्क्यातला एक दगड बोलतोय. सेंट अँड्र्यूजच्या बंदराचा लांब धक्का समुद्रात जिथे संपत येतो, तिथे एक गंजकं लोखंडी कडं दिसेल. ते माझ्या पाठीत ठोकलेलं आहे. माझं तोंड भिंतीच्या आत आहे, तेव्हा बोलतंय कोण हे शोधत बसू नका. ऐका फक्त.

जन्म इथल्याच किनाऱ्यावरच्या खाणीत झाला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सोसले आणि बिशप झालो, म्हणजे मोठा पाद्री, देवाच्या एक-दोन पायऱ्या खाली. उंच टोपी, मिटलेले ओठ आणि कारागिराने हौसेने दिलेलं त्याच्या सासऱ्याचं नाक. कॅथेड्रलच्या भिंतीवरून मी गुडघे टेकणाऱ्यांकडे वरून बघायचो. थोडा माज होता, नाही कशाला म्हणू?

मग देशाने धर्माची वाट बदलली आणि आमच्यासारख्या मूर्ती पाप ठरल्या. काल माझ्यापुढे मेणबत्ती लावणारी माणसं आज दोर आणि कुऱ्हाडी घेऊन आली. मला खाली ओढलं तेव्हा माझा एक कान तुटला. छप्पर गेलं, भिंती ढासळल्या आणि गावाला फुकटची खाण मिळाली. कुणी आमच्यातून गोठा बांधला, कुणी चूल. पुढे वादळाने धक्का फोडला तेव्हा मलाही गाडीत घालून बंदरावर आणलं. गवंड्याने माझं तोंड आत वळवलं, सपाट पाठ बाहेर ठेवली, पाठीत भोक पाडलं आणि कडं बसवलं. लोक याला माझी अधोगती म्हणतील. मी म्हणतो, मला पहिल्यांदाच काम मिळालं.

तेव्हापासून माझी दोन प्रकारच्या माणसांशी गाठ आहे. एक इथल्या विद्यापीठाचे विद्यार्थी. रविवारची प्रार्थना संपली की लाल डगले घालून ही पोरं धक्क्यावर येतात, जाताना खालून जातात आणि येताना वरच्या अरुंद कठड्यावरून. का, ते त्यांनाही माहीत नाही. नव्या पोरांचा डगला खांद्यावर घट्ट असतो, आणि शिकण्याची वर्षं सरतात तसा तो खाली घसरत कोपरापर्यंत येतो. अक्कल वाढते तशी थंडी कमी वाजते की काय, कोण जाणे.

दुसरे कोळी. यांना दर्याची भीती नाही, पण शब्दांची आहे. होडीजवळ कुणी डुक्कर म्हणायचं नाही, सॅमन मासा म्हणायचं नाही, आणि पाद्री तर मुळीच नाही. त्याला ‘तो काळा डगलेवाला’ म्हणायचं. चुकून शब्द निसटलाच, तर लगेच थंड लोखंडाला हात लावायचा. या टोकाला हाताशी लोखंड म्हणजे माझंच कडं. पिढ्यान्‌पिढ्या पाद्र्याची बाधा उतरवायला ही माणसं माझ्याकडे येत राहिली, आणि मी आत तोंड करून हसत राहिलो.

गेल्या हिवाळ्यातल्या वादळाने ते हसू बंद केलं. शेजारचे दगड निसटले आणि मी कलंडलो. ओहोटीला क्रेनने मला उचलून धक्क्यावर कुशीवर ठेवलं, तेव्हा इतक्या काळानंतर माझ्या तोंडावर ऊन पडलं. समोर मायसी गोर्ली उभी होती. साठी उलटलेली, शेवंडं पकडायचे पिंजरे लावणारी, होडीही तिची आणि जीभही तिची. शेजारी तिचा दीर डोड.

डोडने माझी टोपी पाहिली, नाक पाहिलं आणि त्याच्या तोंडून निसटलं, “वहिनी, हा तर पाद्री आहे.”

सवयीने त्याचा हात कड्याकडे गेला. आणि कडं कुणाच्या पाठीत आहे ते लक्षात येऊन तसाच हवेत थांबला.

“लाव ना आता हात,” मायसी म्हणाली.

“थट्टा नको. हल्ली पिंजरे रिकामे का येतात ते कळलं आज. न्या म्हणावं याला.”

न्यायला तर तयारच होत्या रोना लेस्ली. संग्रहालयाच्या बाई. त्याही कधीकाळी लाल डगल्यात इथे फिरलेल्या, आणि “ए पोरी, डगला आवर, वारा डेन्मार्कला नेईल तुला,” असं मायसीने तेव्हा त्यांना ओरडूनही सांगितलेलं. माझं नाक बघून त्यांचे डोळे भरून आले. उबदार खोली, काचेची पेटी आणि वर मंद दिवा देणार होत्या मला.

या गावाची हीच खोड आहे. चालत्या गोष्टीला कुणी विचारत नाही, मोडली की तिकीट लावतात. मला राग आला. मला पाडणाऱ्यांचाही इतका आला नव्हता, कारण त्यांनी निदान मला दगड म्हणून वापरलं तरी.

पण दगड बंदराचा, म्हणून निकाल बंदरातल्या माणसांनी द्यायचा होता. माशांच्या शेडमध्ये सगळे जमले आणि मी दाराशी पडून ऐकत होतो. डोडच्या बाजूने बरेच होते. रोनाबाईंनी पोटतिडकीने सांगितलं, “आता सांधे सैल झालेत, खारं पाणी आत शिरणार. परत बसवलात तर हे नाक राहणार नाही. असा चेहरा पुन्हा मिळायचा नाही, मायसीबाई.”

“माझं तरी नाक कुठे राहणार आहे, पोरी?” मायसी उठली. “याच्या आधीच्या मोठ्या वादळात आजूबाजूच्या होड्या फुटल्या. माझी या कड्याला होती. रात्रभर मी खिडकीत, आणि सकाळी होडी जागेवर. डोड, तेव्हा तू काय म्हणालास?”

“म्हणालो... कडं भक्कम आहे.”

“कडं कशात आहे?”

डोड टोपी चुरगाळत राहिला. “पण तो काळा डगलेवाला आहे, वहिनी.”

“होता. एवढी वर्षं दोर धरतोय, आता तो खलाशी आहे. त्याचं तोंड आत करा. तुलाही दिसायला नको आणि त्यालाही तू नको दिसायला.”

शेड हसली आणि हात वर झाले. डोडचा शेवटी झाला, पण झाला.

रोनाबाई खूप वेळ माझ्यापाशी बसल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाचा साचा घेतला. त्या साच्यातून काढलेला चेहरा आता काचेत आहे, दिव्याखाली, दोन्ही कान शाबूत असल्यासारखा रुबाब करत. शाळेच्या सहली त्याला बघायला येतात. येऊ देत. मला हेवा नाही.

मी परत इथे आहे. रोनाबाईंचं खोटं नव्हतं, लाट आदळली की पाणी आत येतं आणि नाकाचा कण कण जातो. दुखतं. पण मला कीव नको. मला पाडलं, फोडलं, विसरले, आणि आता जपायला निघाले होते. त्यातलं शेवटचंच सर्वांत वाईट होतं, कारण त्यातून परत येता येत नाही. नाक जाईल, टोपी जाईल, एक दिवस मी नुसता चौकोनी दगड उरेन, तोवर या समुद्राने हवा तेवढा जोर लावावा.

आज पुन्हा वारा सुटलाय. मायसी होडी आत घेतेय आणि पुढे उभा राहून डोड दोराचा फास करतोय. बघून घे, डोड, नेम धर. टाक दोर, मी धरतो.