बिनरांगेचं मत

उर्वशी गावातल्या अंगणवाडीची बाई. निवडणूक आली की मतदार यादीचं कामही तिच्याकडेच असायचं. दिवाळीच्या आधी ती अर्ज घेऊन आली, तेव्हा नलूबाई अंगणात सोयाबीन पाखडत बसली होती.

"आजी, पंच्याऐंशीच्या वरच्या लोकायले आता टपाली मत देता येते. हा अर्ज भरा, साहेब लोक पेटी घेऊन घरीच येतीन. पण मंग केंद्रावर जाता येणार नाही."

"मले कायले? माह्ये पाय हायेत अजून."

उर्वशी उठता उठता म्हणाली, "तांड्यावरच्या हंसाबाई त बोलल्याच नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यल्या."

नलूबाईच्या हातातलं सूप थांबलं. पोळ्याच्या सुमारास हंसाबाई न्हाणीत पडली होती आणि मांडीचं हाड मोडून खाटेला खिळली होती.

दोघी पहिल्यांदा भेटल्या त्याच मुळी मतदानाच्या रांगेत. नलू नवी नवरी होती. वस्तीच्या बौद्ध धर्मांतराला फार वर्षं झाली नव्हती. तिच्या वस्तीतल्या बायका रांगेत लागल्या तशी कोणी तरी वरच्या आवाजात म्हणालं, "तुम्ही बाजूले थांबा." नलू मागं सरकली. तेवढ्यात आरशांच्या ओढणीतल्या एका तरण्या बाईनं तिचा हात धरून तिला आपल्या पुढं उभं केलं आणि त्या माणसाकडं असं पाहिलं की तो गप्प झाला. तीच हंसा. त्यानंतरची सगळी मतदानं दोघींनी बरोबर केली. नाल्याच्या पुलावर भेटायचं, उन्हात गप्पा मारत रांगेत उभं राहायचं आणि परतताना शाळेमागच्या बोरी झोडायच्या. नवरे गेले, शाळा पक्की झाली, पेटीच्या जागी यंत्र आलं, तरी हा नेम चुकला नव्हता.

संध्याकाळी नलूबाईनं मुलाला, धर्मपालला, गाडी काढायला लावली आणि ती तांड्यावर गेली.

"काहून व हंसे, अर्ज काहून नाई भरला?"

"घरात निजून मत देऊ?" हंसाबाई भिंतीकडं पाहतच म्हणाली. "ना रांग, ना माणसं. अन् तू तिकडं एकटी उभी राह्यशीन."

नलूबाई खाटेजवळ खाली टेकली. मग म्हणाली, "मी बी भरतो अर्ज. मले बी रांगेत तुह्याबिगर कोण हाय?"

हंसाबाईनं मान वळवली. "खरंच भरशीन?"

"उद्याच भरतो."

धर्मपाल वाटेत कुरकुरला, "माय, तुले चालता येते न?" दुसऱ्या दिवशी उर्वशीनं दोघींचे अर्ज नेले.

ठरल्या दिवशी मतदान पथक आधी नलूबाईकडे आलं. पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून तिला मतपत्रिका दिली. तिनं खूण केली, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. पथकाची गाडी तांड्याकडं निघाली तशी तीही धर्मपालच्या मागं बसून निघाली.

तांड्यावर हंसाबाईनं आपली जुनी, आरसे गळालेली ओढणी घेतली होती. मुलाला, सेवादासला, सांगून तिनं खाट अंगणात आणवली होती. साहेबांनी सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. नलूबाई निंबाखाली जाऊन उभी राहिली. आडोशामागं हंसाबाईला बराच वेळ लागला. पाकीट पेटीत पडलं तेव्हा नलूबाईनं पदरानं डोळे पुसले.

पथक गेल्यावर चहा झाला. मग त्या आपल्या जुन्या दिवसांत शिरल्या. त्या 'बाजूले थांबा' म्हणणाऱ्या माणसाचा आवाज हंसाबाईनं हुबेहूब काढला, तेव्हा दोघी ठसका लागेपर्यंत हसल्या. कित्येक दिवसांनी हंसाबाईनं भाकर मागून खाल्ली.

दिवस कलला तसा धर्मपाल न्यायला आला.

"राहू दे न तिले आज," हंसाबाई म्हणाली.

आजवर नलूबाई तांड्यावर कधी मुक्कामाला राहिली नव्हती. तिनं मुलाकडं पाहिलं आणि हंसाबाईच्या पायांशी खाटेवर सरकून बसली.

"जाय तू," ती धर्मपालला म्हणाली. "मी सकाळी येतो."