कोडताई तिसऱ्या मजल्यावर

“अहो ताई, तुम्हाला दिसतंय ना, मग लिहून टाका की!” दगड घासणाऱ्या कारागिराची मुलगी रडकुंडीला आली होती. विमा कंपनीने बाबांच्या ऑक्सिजन यंत्राला दुसऱ्यांदा नकार दिला होता, आणि यंत्राशिवाय बाबांना घरी सोडायला कुणी तयार नव्हतं.

रुग्णालयाच्या तळघरातल्या आपल्या टेबलाशी कोडताईंनी फाइल पुन्हा चाळली. विम्याच्या कागदांवर आजाराला नेमका कोड, म्हणजे ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यायचा, हे त्यांचं काम. पण डॉक्टरांनी लिहिलं होतं इतकंच: ‘फुफ्फुसांवर व्रण.’ कशामुळे, ते नाही. म्हणून कोडही मोघम, आणि मोघम कोडला कंपनी कसली भीक घालतेय! स्कॅन आणि जन्मभराची दगडाची धूळ एकाच दिशेला बोट दाखवत होती. पण डॉक्टरांनी न लिहिलेला आजार कोडताईंनी लिहायचा नाही. विचारतानाही उत्तर सुचवायचं नाही. नियम म्हणजे नियम.

एरवी त्या वर चिठ्ठी पाठवत, कारण डॉक्टरांसमोर त्यांची वाचाच बसायची. या वेळची चिठ्ठी गडप झाली होती. आज मात्र त्यांनी फाइल काखोटीला मारली आणि तळघरातून थेट तिसऱ्या मजल्यावरचा बाबांचा वॉर्ड गाठला.

“अरे वा, कोडताई वर? तळघरात पाणी शिरलं की काय?” डॉक्टर हसले.

“सर, हे व्रण कशामुळे, ते फाइलीत नाही.”

“राहिलं वाटतं. बरं, तुम्हाला काय वाटतं?”

जिभेवर आलेलं आजाराचं नाव कोडताईंनी गिळलं. “मला वाटून चालत नाही, सर. तुम्हाला वाटायला हवं.”

नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरांनी कोपरापासून हात जोडले. मग ते बाबांच्या खाटेवर टेकले आणि त्यांनी बाबांना कामाबद्दल खोदून खोदून विचारलं. बाबांनी दोन-दोन शब्दांवर थांबत, धापा टाकत सगळं सांगितलं. स्कॅन पुन्हा नीट पाहून डॉक्टरांनी लिहिलं: ‘दगडाच्या धुळीमुळे झालेला सिलिकोसिस. घरी ऑक्सिजन आवश्यक.’

कोडताई जिना उतरल्या कसल्या, धावल्याच! नेमका कोड पडला, अर्ज गेला. मंजुरी आली तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या औषधभांडारातले काका खुर्चीतून ताडकन उठले.

बाबा निघाले. नाकात नळी, मुलीच्या हातात यंत्र. सोडायला आलेल्या कोडताई मागे उभ्या. दारातल्या पायरीशी बाबा वाकले आणि दगडावरून तळवा फिरवला.

“कडेला पॉलिश कच्चं सोडलंय लेकाच्यांनी,” ते म्हणाले. मध्ये एकदाही न थांबता.