काट्याखालचं शून्य

घड्याळवालीला माणसात वागायची रीत म्हणून नव्हती. दर मंगळवारी सकाळी पावणेआठला यायची, दारात चपला काढायची तेवढीच काय ती सभ्यता, आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी सरळ मागच्या खोलीत शिरायची. "कशा आहात" नाही, "बसते जरा" नाही. पाणी पुढे केलं तर नुसती मान हलवायची. खाटेवर एक माणूस सात वर्षं पडून आहे, त्याच्याकडे एकदा बघावं, तर तेही नाही. भिंतीवरच्या घड्याळाला नाक लावायची, वहीत काहीतरी खरडायची, की चालली.

"आकडा काय आला गं?" घरातली थोरली, मोठीआई, विचारायची.

"ऑफिसात कळवतो आम्ही."

"भिंत ऑफिसची आहे होय?"

त्यावरही ती बोलायची नाही. दुसरी कोणी असती तर निदान चिडली असती.

घड्याळ हे मोठीआईने ठेवलेलं नाव. ते वेळेचं घड्याळ नव्हतं. घरामागच्या मोकळ्या जागेत नव्या इमारतीसाठी दोन मजले खोल खड्डा खणायला घेतला, तेव्हा आजूबाजूच्या घरांना भेगा पडल्या, आणि बांधकामाच्या ऑफिसने ज्या त्या भेगेवर असं एकेक यंत्र बसवलं. मोठीआईकडची भेग पुढच्या जुन्या घराची भिंत आणि मागे वाढवलेल्या खोलीची भिंत जिथे भेटतात तिथे होती. जमिनीपासून छतापर्यंत सरळ, नख शिरेल एवढी. यंत्र एका भिंतीला आवळून बसवलेलं, त्यातून निघालेली बारीक दांडी दुसऱ्या भिंतीवरच्या पट्टीला टेकलेली. भिंती एकमेकींपासून केसभर जरी सरकल्या तरी तबकडीवरचा काटा हलणार. आणि काटा फार हलला तर मागची खोली रिकामी करायची, असं ऑफिसने कागदावर लिहून दिलं होतं.

खोली रिकामी करायची म्हणजे गवंड्याला हलवायचं.

गवंडी म्हणजे मोठीआईचा नवरा. सगळी गल्ली त्याला गवंडीच म्हणायची. एका बाजूने अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण डोळे शाबूत होते आणि ते दिवसभर स्वतःच बांधलेल्या भिंतींवर फिरत असायचे. मागे एकदा रंग लावताना त्याची खाट पुढच्या खोलीत टाकली होती. पुढची खोली थेट रस्त्यावर उघडणारी. येणाराजाणारा दारातून डोकावणार, भरवताना बघणार, कपडे बदलताना बघणार. दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही, ना घासाला ना शब्दाला. तिसऱ्या दिवशी तिने ओल्या रंगाच्या वासातच खाट परत मागे नेली आणि त्याला शब्द दिला, "पुन्हा नाही हो नेणार तुम्हाला तिकडे."

म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, खड्डा भरेपर्यंत बाबांना पुढे आणू या," तेव्हा तिने त्याला उभ्या उभ्या सोलला.

"बापाच्या हातच्या भिंतीवर भरवसा नाही तुझा?"

"भरवशाचा प्रश्न नाही गं. भेग दिसतेय."

"भेग काय, माझ्या टाचेलाही आहे. मी पडले का?"

सून तोंडाला पदर लावून हसली. पुढे ऑफिसातून मुलाला कळलं की पाच आठवड्यांचं माप शून्य आहे, काटा जागचा हलला नाही. मग त्यानेही विषय सोडला, आणि मोठीआई गल्लीत जरा जास्तच ताठ चालायला लागली.

मनातून मात्र थकली होती. रात्रभर कूस बदलून द्यायची, पहाटे अंग पुसायचं, भरवायचं, आणि वर खड्ड्यातून उडणारी धूळ. आत्ता पुसावं तर तासाभरात बोट फिरवून नाव लिहिता येईल एवढा थर. खाट, खिडकी, औषधाच्या बाटल्या, पाण्याचा तांब्या, सगळ्यावरून रोज दोनदा फडकं फिरायचं. घड्याळावरूनही.

सहाव्या मंगळवारी घड्याळवाली आली. नाक लावलं. वही काढली. पण लिहिलं नाही. पिशवीतून बॅटरी काढून तिने तबकडीवर उजेड टाकला, पुन्हा वाकली, चष्मा वर केला, खाली केला.

"आजी," ती म्हणाली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिने आपण होऊन तोंड उघडलं होतं. "ह्याला कोणी हात लावतं का?"

"हात कशाला लावतील? फडकं लावते मी. तू तर धूळ बघून तशीच जातेस."

"कसं पुसता, दाखवा बरं."

मोठीआईने खांद्यावरचं मऊ फडकं घेतलं, काचेवरून गोल गोल फिरवलं. फडक्याबरोबर काचेभोवतीची कडीही फिरली आणि कडीबरोबर तबकडीवरचे आकडे. मग तिने अंगठा आणि बोट लावून कडी हळूच सरकवली आणि शून्य बरोबर काट्याखाली आणून ठेवलं. मागे होऊन बघितलं. डब्याचं झाकण नीट बसलंय की नाही ते बघावं, तसं.

"हे रोज करता?"

"रोज. तूच नाही का, बसवलंस त्या दिवशी शून्य काट्याखाली आणलंस? वस्तू पुसली की होती तशी ठेवावी. आमच्यात तरी तशी पद्धत आहे."

घड्याळवाली भिंतीला पाठ टेकून खाली बसली. फरशीवरच.

"थोडं पाणी द्या," ती म्हणाली.

सहा आठवडे जिने पाण्याला हात लावला नाही, ती पाणी मागत होती. मोठीआईने तांब्या दिला आणि तिथेच उभी राहिली. "काय झालं ते सांग. मी दुसरी शिकलेय, पण बहिरी नाही."

घड्याळवालीने उठून बोट ठेवून दाखवलं. मोठ्या काट्याच्या आत, तबकडीच्या पोटात, आणखी एक एवढंसं वर्तुळ होतं, त्याला डासाच्या पायाएवढा काटा. कडी फिरवली तरी ते वर्तुळ फिरत नव्हतं. "बसवलं तेव्हा हा पाचवर होता. मोठ्याचा एक फेरा, म्हणजे एक मिलिमीटर, झाला की हा एक घर उतरतो. आता बघा."

मोठीआईने डोळे बारीक केले. आकडे तिला येत होते. काटा तीनच्या जवळ होता.

"म्हणजे किती?"

"पावणेदोन मिलिमीटरच्या वर." मग तिच्या तोंडाकडे बघून घड्याळवालीने पिशवीतून एक नाणं काढून आडवं धरलं. "ह्याच्या जाडीएवढं. सहा आठवड्यांत. थांबलेलं नाही."

खाटेची उशाची बाजू त्याच भिंतीकडे होती. मोठीआईने खाटेकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. रोज सकाळी भिंत बोलत होती आणि रोज सकाळी ती फडक्याने तिचं तोंड पुसत होती.

"त्या कडीला आवळायचा स्क्रू असतो," घड्याळवाली खालच्या आवाजात म्हणाली. "मी आवळला नव्हता. आणि छोटा काटा मी बघितलाच नाही. जेवायच्या आत बावीस घरं करायची असतात. ऊन भिंतीवर यायच्या आधी झाली तर बरी, उन्हाने भिंती फुगतात. मोठा शून्यावर दिसला की शून्य लिहायचं आणि पुढे जायचं. आज ते शून्यच वरच्या जागी नाही, बाजूला दिसलं, म्हणून थांबले."

"आणि बोलायचं नाही."

"बोललं की लोक भांडतात, आजी. आकडा वाढला तरी भांडतात, नाही वाढला तरी भांडतात. मला आता नाही होत."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. गवंडी बोलला की दगड ओढत आणल्यासारखे शब्द यायचे.

"गुं... गुंतवल्या नाहीत."

"काय हो?" मोठीआई वाकली.

"विटा. जुन्या भिंतीत. नुसती टेकवली."

घड्याळवालीने मान हलवली. "म्हणूनच सरळ रेषेत उघडलीय. मधल्या विटा एकमेकींत अडकवल्या असत्या तर धरून राहिली असती."

"तुम्ही?" मोठीआईला पटेना. "तुम्ही अशी भिंत बांधलीत? लोकांच्या घरात कधी असलं केलं नाहीत!"

गवंड्याचा शाबूत ओठ एका बाजूने वर गेला. हसला होता. "जुनी... फोडावी लागली असती. तू म्हणालीस, ठोकाठोक नको. पोर झोपलंय."

मोठीआईला ती दुपार आठवली. महिन्याचं पोर, बाळंतपणाचं दुखरं अंग, आणि छन्नीचा पहिला घाव पडताच आपण जे ओरडलो होतो ते. त्याने छन्नी खाली ठेवली होती. पुन्हा उचललीच नव्हती, आणि एवढ्या वर्षांत एका अक्षराने बोलला नव्हता.

"मुलखाचे हट्टी," ती म्हणाली. मग तिने पुढच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ऊठ रे! ज्याच्या झोपेसाठी भिंत कच्ची राहिली तो अजून लोळतोच आहे. खाट उचलायचीय."

मुलगा आला, सून आली. चौथा कोपरा कोणी धरायचा म्हणून दोघं थांबली, तर घड्याळवालीने वही कमरेला खोचली आणि तो धरला. गवंड्याने डोळे मिटून घेतले. उंबऱ्यावर एक धक्का बसला तेवढाच. मोठीआईने रस्त्याकडचं दार लावून घेतलं, दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणली आणि पलंगपोस खाटेच्या बाजूने पडद्यासारखा सोडला. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "शब्द मोडला मी. रागवा. पण जेवा."

तो रागावला की नाही कळलं नाही. डोळे उघडून तो पलंगपोसावरच्या पट्ट्या बघत राहिला.

घड्याळवालीने मागे जाऊन कडी आवळली, लहान काटा दोनदा वाचून लिहिला आणि चपला घालायला दारात आली. घालून झाल्या तरी उभीच राहिली. "कागदावर मी लिहीन, स्क्रू सैल राहिला होता म्हणून. तुमचं नाव येणार नाही."

मोठीआई पायरीवर टेकली.

"माझं नाव घाल," ती म्हणाली. "लाजायला मी काही चोरी केली नाही, पुसलंय. आणि ऐक. चूक दोघींची, पण मोठी तुझी. स्क्रूची म्हणत नाहीये मी, तो कोणाकडूनही राहील. पहिल्याच मंगळवारी ‘आजी, शून्य आलं’ एवढं म्हणाली असतीस, तर ‘येणारच, मीच तर ठेवलंय’ असं मी म्हटलं असतं, आणि हा माणूस सहा आठवडे त्या भिंतीखाली झोपला नसता. तू तोंड मिटून काम करतेस, बाई, आणि त्याला शहाणपण समजतेस. पुढच्या मंगळवारी आधी इथे बसायचं, पाणी प्यायचं, मग आकडा वाचायचा. मोठ्याने वाचायचा. त्यांनाही ऐकू गेला पाहिजे, भिंत त्यांची आहे."