साडेसात हजार वेढे

तोंडात 'तीन हजार चारशे बारा' धरून ताई बसली होती आणि पडद्याबाहेरून दादा विचारत होता, "झालं का गं?" उत्तर दिलं असतं तर आकडा सांडला असता. म्हणून तिने नुसतं "हंऽ" केलं. भोवती बसलेली शाळेची तीन पोरं श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघत होती.

ताई दादाची धाकटी बहीण. वय एक्कावन्न. सत्तरीतली माणसंही तिला ताईच म्हणत, त्यामुळे दुसरं नाव असण्याची तिला गरजच पडली नव्हती. दुकान दादाचं, मोटर भरण्याचं. जळलेल्या मोटरीतली काळी तार उपसून काढायची, तांब्याची नवी तार मोजून वेढे घेत भरायची, वार्निश पाजून वाळवायची. दादाने भरलेली मोटर दहा वर्षं उघडावी लागत नाही, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत. त्यात खोटं एवढंच होतं, की दादाला तार दिसेनाशी होऊनच दहा वर्षं झाली होती. तो बाहेर खुर्चीवर बसून मोटरीला कान लावायचा आणि दुखणं बिनचूक सांगायचा. भरायची ताई, आतल्या बिनखिडकीच्या खोलीत. असं कुणी ठरवलं नव्हतं. पडत गेलं.

अशात शाळेचे विज्ञानाचे सर आले. मुलं इलेक्ट्रिक गिटार बनवत होती, लाकूडकाम शाळेतच झालं होतं. पण तारांखाली एक चुंबकांची पट्टी बसते, तिच्यावर केसाहून बारीक तारेचे साडेसात हजार वेढे घ्यायचे असतात. वरची तार थरथरली की ते गुंडाळं थरथर पकडतं आणि तिचा आवाज होतो. विकत मिळतं, पण सरांना ते मुलांनी कारागिराच्या हाताखाली बसून शिकायला हवं होतं. दादाने छाती पुढे काढून होकार दिला. म्हणाला, "आत बहीण असते मदतीला, ती दाखवेल. शेवटचं मी बघतो."

तर ते शेवटचं बघायला दादा संध्याकाळी आत आला. साडेसात हजार भरून झाले होते, ताईची मान दगड झाली होती. दादाने गुंडाळं हातात घेतलं, पहिल्या वेढ्याचं बाहेर काढलेलं सुटं टोक चाचपलं आणि खिशातलं पातं काढून त्यावरचं वार्निश खरवडलं. मोटरीच्या तारेला प्रत्येक जण तसंच करतो, डोळे मिटूनही जमतं. पण ही मोटरीची तार नव्हती. तिच्यावरचं वार्निश सोल्डरिंगच्या गरम कावियाने हलकेच जाळायचं असतं. ताई "दादा, थांब," म्हणेपर्यंत तार मुळातून तुटली होती. आतलं टोक गेलं म्हणजे सगळंच गेलं.

दादाने बोटांनी टोक शोधलं, सापडलं नाही.

"ताई, जरा सैल गुंडाळलंस वाटतं," तो म्हणाला.

"झालं असेल सैल," ताई म्हणाली.

तिघांतली चष्मेवाली मुलगी आधी दादाकडे आणि मग ताईकडे बघत राहिली. ताईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पोरगी शहाणी, गप्प बसली, पण चेहरा काही तिला गप्प करता आला नाही.

दुसऱ्या खेपेला ताईने पोरांनाच भरायला लावलं. तार चिमटीत किती धरायची, शंभर झाले की वाटीतला एक नट दुसऱ्या वाटीत कसा टाकायचा, शिंक आली तर आधी तार सोडायची की शिंक, सगळं सांगितलं. पोरं हसली. तीही हसली आणि स्वतःचा आवाज ऐकून जरा दचकली. सर दाराशी उभे राहून बघत होते. जाताना त्यांनी विचारलं, की शाळेच्या कार्यशाळेत आठवड्यातून तीन दुपारी मुलांना शिकवायला ती येईल का. आधीचे गुरुजी निवृत्त झाले होते, जागा रिकामी होती.

ताईने सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला. बावीस वर्षांत तिला लोकांनी 'मोटर कधी मिळेल' याशिवाय काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वार्निश आणायच्या निमित्ताने ती शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली. अकरा मिनिटं. येताना वार्निश आणायचं विसरली.

जेवताना तिने विषय काढला. दादा घास चावत राहिला.

"जा की," तो म्हणाला. "मी कुठं अडवतोय?"

तिने पाणी वाढलं.

"फक्त गिऱ्हाइकांना काय सांगायचं, तेवढं ठरवून दे मला," तो म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारत होता.

हेच अवघड होतं. दादाने अडवलं असतं तर भांडता आलं असतं. बावीस वर्षांपूर्वी ती सासरहून एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा दादाने काय झालं म्हणून एका शब्दाने विचारलं नव्हतं. पिशवी हातातून घेतली आणि आत ठेवली. त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती तेव्हापासून वेढ्या-वेढ्याने देत होती, आणि ते अजून पुरं होत नव्हतं.

सोमवारी सर आणि पोरं तयार गिटार घेऊन आली. लहानसा स्पीकर जोडला. चष्मेवालीने एक तार छेडली आणि दुकानातले सगळे निजलेले पंखे, उघडी पडलेली पंपांची पोटं त्या आवाजाने भरून गेली. जन्मभर ताई यंत्रांची घरघर बंद करत आली होती. यंत्र गप्प झालं की काम चांगलं, एवढंच तिला ठाऊक. हा आवाज संपू नये असं वाटून ती उभी राहिली.

दादा मान तिरकी करून ऐकत होता. "स्वच्छ आहे," तो पुटपुटला. "कुठं चिरकत नाही."

मग सरांनी तिच्याकडे बघितलं.

"नाही जमायचं, सर," ताई म्हणाली. "दुकानात काम फार असतं."

सरांनी दादाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. समजूतदार माणसं असंच म्हणतात, म्हणून तर काही बदलत नाही.

राहता राहिली प्रकल्पाची वही. शेवटच्या पानावर 'कारागिराची सही' असं छापलेलं होतं. चष्मेवालीने वही उघडली आणि दादासमोर न ठेवता थेट ताईपुढे धरली, पेनासकट. दादाला ते दिसलं नसेल. पण पानाची फडफड कुठे थांबली, ते त्याच्या कानाने टिपलं असणार, कारण तो एकाएकी हालचाल थांबवून बसला.

ताईने पेन घेतलं. क्षणभर हातात धरलं. मग वही फिरवून दादाच्या मांडीवर ठेवली आणि पेन त्याच्या बोटांत दिलं.

"कुठं?" दादाने अगदी हळू विचारलं.

तिने त्या ओळीखाली आपलं बोट टेकवलं. दादा बोटाच्या कडेकडेने सही करत गेला, आणि शेवटचा फराटा कागद सोडून तिच्या नखावर उमटला.