साक्षराचा अंगठा

आमच्या नातीचं, रंजनाचं, पहिलं बाळंतपण आमच्या घरी झालं ते साल दोन हजार नऊ. त्याच साली माझी सही माझ्याऐवजी ग्रामसभेला जायला लागली.

रंजनाला आई नव्हती, म्हणून ती आजोळी आली. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नव्हतं. बाळ झोपलं की ती कंटाळायची. एके दिवशी तिनं पाटी घेतली आणि मला समोर बसवलं. मी अठ्ठावन्न वर्षांची होते. तिचा सव्वा महिना भरला तेव्हा मला माझं पूर्ण नाव लिहिता येत होतं. द्रुपदा धोंडिराम खिलारे. मधलं नाव मालकांचं. लग्न झाल्यापासून ते मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आता हातानं घेतलं आणि काही झालं नाही.

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीचा शिपाई सर्जेराव हजेरीची वही घेऊन दारात आला. सभेला शंभर माणसं लागतात. तेवढी कधी जमत नाहीत, म्हणून वही घरोघर फिरते. आजवर तो माझा अंगठा घ्यायचा. अंगठा उठवून हात धुतला की काम संपायचं.

"काकू, कोरम भरंना. टेकवा अंगठा."

"अंगठा कशाला? सही करते."

"आयला! काकू मॅट्रिक झाल्या की!"

मी सावकाश सही केली. शेवटची रेघ ओढून पेन उचललं, तशी सही वहीतून उठली, अंगणात उतरली आणि माझ्याएवढी झाली. तिच्या अंगावर माझंच हिरवं लुगडं होतं. ती सर्जेरावच्या मागून चालू लागली. मला माझी पाठ तोवर कधी दिसली नव्हती. डावा खांदा जरा खाली होता.

"ही परत कधी येणार?" मी विचारलं.

"सभा संपली की," सर्जेराव म्हणाला.

ती आली नाही. सभा संपली नसावी.

पुढं वर्षातून चारदा वही यायची आणि चारदा मी सही करायचे. मला सही करायला आवडायचं. मात्र दर सहीनंतर माझा आवाज थोडा आखूड व्हायचा. आधी तो ओढ्यापर्यंत जायचा. मग गोठ्यापर्यंत, मग उंबऱ्यापर्यंत.

"मोठ्यानं बोल की," मालक म्हणायचे. "कोंबड्याबी मागं वळंनात."

मालकांनी दारात कधी अंगठा दिला नाही. सर्जेराव वही पुढं करायचा, ते हात पाठीमागं घ्यायचे.

"माझा अंगठा माझ्या हाताला हाय. मी जाईन तवा त्योबी येईल."

"दादा, तुमी एकटं येऊन काय दिवं लावणार?"

"एकटा तर एकटा. तिथं बसायचा हक्क माझा, आन् तिथवर जायचं कामबी माझंच. तुझी वही मधी कुठनं आली?"

सभेवरून आले की ते पाय धुता धुता मला म्हणायचे, "तुझ्या बाया लई शहाण्या. गप बसत्यात. हात वर करा म्हटलं की करत्यात." मी हसायचे.

अशाच एका सभेत मागचा डोंगर पाच वर्षांसाठी खडीच्या क्रशरला दिला गेला. नको म्हणणारे मालक एकटे होते.

क्रशर आल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. तालुक्याला छातीचा फोटो काढला. फोटोत आमचा डोंगर होता. पूर्वेची बाजू निम्मी खाल्लेली, वर भैरोबाचं देऊळ. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "आजोबा, हा उरलाय तोवर तुम्ही आहात."

तेव्हापासून डोंगरावर भोंगा वाजला की मी मालकांची खाट धरून ठेवायचे. सुरुंग उडाला की ते खाटेवर वीतभर उडायचे. सकाळी उशीवरची खडी मी सुपात गोळा करायचे. आधी बारीक कच निघायची, पुढं अर्धा इंची.

क्रशरला मुदतवाढ द्यायची की नाही, ते दोन हजार एकोणीसच्या दोन ऑक्टोबरला सभेत ठरणार होतं. त्या सकाळी मालकांनी उठायचा प्रयत्न केला, पण छाती उचलेना.

"तू जा," ते म्हणाले. "नाही म्हण. एवढंच म्हणून ये."

"माझा आवाज पोचंल का?"

"जवळ जाऊन म्हण."

सर्जेराव वही घेऊन निघालाच होता. मी त्याला म्हणाले, आज मी स्वतः येते. त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या मागून चालत गेले.

ग्रामपंचायतीचं सभागृह तीन खणांचं. त्या दिवशी तिसऱ्या खणापुढंही खण होते. पार टोकाला भाऊसाहेबांचं, म्हणजे ग्रामसेवकांचं टेबल पाटीएवढं दिसत होतं. मी आत पाय टाकणार तोच सर्जेरावनं दारात हात आडवा धरला.

"काकू, तुमी तर आत बसलाय."

मी पाहिलं. सतरंजीवर माझ्या रांगा होत्या. पहिली हिरव्या लुगड्यातली. एकीच्या हाताला फडकं बांधलेलं, त्या मेमध्ये माझा हात भाजला होता. अशा एक्केचाळीस. त्यांच्यापलीकडं सगळ्या गावाच्या सह्या, मांडीवर हात ठेवून. एवढी माणसं होती, पण खोकला कुणाला येत नव्हता.

मी सर्जेरावच्या कानाशी गेले. "मला नाही म्हणायचंय."

"म्हणा की. पर आधी हजेरी. हजेरीबिगर बोललेलं धरत नाहीत."

"माझी हजेरी एक्केचाळीस वेळा आहे."

"त्या बसणाऱ्या. बोलणारी येगळी लागती."

त्यानं वही पुढं केली. सही केली की काय होतं ते मला माहीत होतं.

"अंगठा घे," मी म्हणाले.

तो हसला. "काकू, साक्षराचा अंगठा चालत नाही. नियम हाय."

टोकाला भाऊसाहेब ठराव वाचत होते. मग त्यांनी विचारलं, "द्यायची ना मुदतवाढ?"

मी होता नव्हता तेवढा जोर लावून "नाही" म्हणाले. माझं नाही सर्वांत जवळ बसलेल्या माझ्या सहीच्या अंबाड्यापर्यंत गेलं. तिनं माशी बसल्यासारखा अंबाड्यावर हात फिरवला.

"उरका काकू, हात वर करायची येळ झाली."

मी सही केली. मधलं नाव लिहिताना हात थांबला, मग पुढं गेला. पेन उचललं आणि बेचाळिसावी उठली.

"नाही म्हण," मी तिला सांगितलं.

तिनं मान हलवली. ती आत गेली, जागा शोधून बसली. सर्जेरावनं दार लावलं.

"लागली तुमची हजेरी."

मी खिडकीचे गज धरून पाहिलं. हात वर झाले. बेचाळिसावीनं जरा वेळ लावला. मग तिनंही केला.

"दादांचंबी मत आलं म्हणायचं," सर्जेराव म्हणाला. "नाव हाय की त्यांचं, परत्येकीच्या मधी."

मी घरी आले. मालक दाराकडं तोंड करून पडले होते.

"म्हणलीस का नाही?"

"म्हणाले," मी म्हणाले. ते खाटेपर्यंत पोचलं नाही, पण त्यांनी माझे ओठ पाहिले.

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून उशी बाजूला सारली.

डोंगरावर भोंगा वाजला. मी खाट धरली.

सर्जेराव आला तेव्हा त्याच्या काखेत दुसरी वही होती. त्यानं टोपण काढून पेन पुढं केलं. "खबर देणाऱ्याची सही लागंल, काकू."

धोंडिराम तात्याबा खिलारे, वय बहात्तर, दोन ऑक्टोबर दोन हजार एकोणीस रोजी दुपारी सव्वाबाराला वारले.